छातीत दुखतंय आणि पाय प्लास्टरमध्ये आहे

छातीत काही झालं की आपल्या घरांमध्ये दोनच निदानं ठरलेली असतात, गॅस नाहीतर अटॅक. गॅस असेल तर ओवा-सैंधव चावायचं, इनो प्यायचं, जरा फेऱ्या मारायच्या, आणि अटॅक असेल तर गाडी काढायची. त्यातही अटॅक येतो तो पन्नाशीच्या पुढच्या बाप्यांना असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे चाळिशीतली बाई छातीत दुखतंय म्हणाली की तिला थेट गॅसच, फार तर ‘टेन्शन घेतलं असशील’. या दोघांच्या मधे अजून एक गोष्ट असते जिचं नावच घरात कुणी घेत नाही, ती म्हणजे फुप्फुसात जाऊन अडकलेली रक्ताची गुठळी. डॉक्टर पीई म्हणतात, पल्मनरी एम्बॉलिझम. हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा झटका, यांच्यानंतर रक्ताभिसरणाच्या अचानक येणाऱ्या आजारांत नंबर लागतो तो हिचाच, म्हणजे लाखात एखाद्याला होणारी दुर्मिळ भानगड वगैरे नाहीये ही.

मला झाली होती. मी डॉक्टर नाही, नाशिकला एका शाळेत शिकवते, त्यामुळे इथे जे लिहितेय ते स्वतःवर बेतलेलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडून कळलेलं, आणि नंतर वाचत बसून ताडून पाहिलेलं असं आहे. हे लिहायला घेतलं कारण गेल्या काही महिन्यांत ज्याला त्याला मी हे सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी विचारलं की ‘पण मग ओळखायचं कसं?’ आणि याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. लक्षणं आहेतच, ती सांगतेच, पण त्यातलं एकही लक्षण असं नाही की ते दिसलं म्हणजे गुठळीच. दम लागणं अस्थमातही असतं, न्यूमोनियातही असतं, अंगात रक्त कमी असेल तरी असतं, घाबरलं तरी असतं. गुठळी पकडली जाते ती लक्षणाच्या मागे गेल्या महिना-दोन महिन्यांत काय झालंय ते बघितलं की. माझ्या बाबतीत ते कुणीतरी बघितलं, म्हणून हे लिहायला आहे मी.

झालं असं की पावसाळ्यात जिन्यात पाय घसरून डावा घोटा मोडला. ऑपरेशनची गरज नव्हती, गुडघ्याखाली प्लास्टर घातलं आणि पाय उशीवर ठेवून पडून राहा म्हणाले. मी पण इमानदारीत पडून राहिले, कारण आयुष्यात पहिल्यांदाच पडून राहायला अधिकृत परवानगी मिळालेली. मग एक दिवस वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत गेले तर एवढ्यातच दम लागला, म्हणजे कॉटपासून बाथरूमचं दार असेल आठ-दहा पावलं. सगळे म्हणाले पडून पडून अशक्तपणा आलाय, नाचणीचं सत्त्व घे. दुसऱ्या दिवशी उजवीकडे बरगडीखाली कळ यायला लागली आणि ती कळ मजेशीर होती, म्हणजे गप्प पडलं की जवळजवळ नाही आणि जरा खोल श्वास घ्यायला गेलं की सुरी खुपसल्यासारखी, त्यामुळे आपोआपच मी छोटे छोटे श्वास घ्यायला लागले आणि शिंक आली तर जीवच जातो की काय. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं गॅस वर चढलाय, पाठीत धरलंय बघ’, आणि हिंग कालवून घेऊन आल्या. फॅमिली डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले एकाच कुशीवर झोपून मसल धरला असेल, गोळी घ्या.

संध्याकाळी नवऱ्याने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून काढला, त्यात सेल घातले, माझ्या बोटाला लावला. ९५ आलं. ‘ऑक्सिजन ठीक आहे गं’, म्हणाला, आणि सगळ्या घराने सुटकेचा श्वास सोडला. आता ते यंत्र आठवा, त्याच्यावर दोन आकडे असतात. एक ऑक्सिजनचा, जो कोविडने आपल्याला पाठ करून घेतलाय, ९४ च्या खाली गेलं की घाबरायचं वगैरे. आणि दुसरा नाडीचा, जो कुणीही बघत नाही. माझा दुसरा आकडा ११८ होता. मी सकाळपासून पडून होते, ताप नव्हता, जिना चढले नव्हते, आणि नाडी ११८. ऑक्सिजन चांगला दिसला म्हणजे गुठळी नाही असं अजिबात नसतं, छोट्या-मध्यम गुठळीत तो बऱ्याचदा बरा दिसतो. पडल्या पडल्या नाडी शंभराच्या वर राहतेय आणि त्याला ताप, घाबरणं, पळापळ असं कुठलंच कारण दिसत नाही, हे मात्र बोलायला लागलेलं शरीर आहे.

रात्री झोपताना आडवं झालं की जास्तच व्हायला लागलं म्हणून शेवटी हॉस्पिटलात गेलो. ईसीजी काढला, त्यात ठोके जलद आहेत एवढंच. छातीचा एक्स-रे स्वच्छ. स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडे हवा व्यवस्थित जातेय. आता इथे गंमत आहे बघा, की गुठळीत एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ दिसतो किंवा त्यात गुठळीकडेच बोट दाखवेल असं काही नसतं आणि ईसीजीत सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते म्हणजे फक्त जलद ठोके, बाकीच्या ज्या खास खुणा पुस्तकात असतात त्या थोड्यांच्याच ईसीजीत येतात. त्यामुळे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मात्र धापा टाकतोय असं चित्र तयार होतं आणि मग कुणीतरी हळूच म्हणतंच की पॅनिक अटॅक असेल. म्हणालेच. गोळी देऊन घरी पाठवायचं ठरत होतं तेवढ्यात रात्रपाळीची डॉक्टर आली, वयाने माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींएवढी असेल, तिने छातीऐवजी आधी पायाकडे बघितलं. ‘ताई, प्लास्टर कधी घातलंय? आधी होतं तसंच आहे की आता घट्ट वाटतंय?’ घट्ट वाटत होतं. दोन-तीन दिवस बोटं सुजली होती आणि प्लास्टर आवळल्यासारखं होत होतं, पण मला वाटलं पाय खाली सोडून बसल्यामुळे असेल. तिने प्लास्टरच्या वर गुडघ्याच्या मागे आणि मांडीत दाबून बघितलं, तिथे दुखलं. मग विचारलं की घरात कुणाला शिरेत गुठळी झालीय का, पाळीच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, कधी कॅन्सर होता का, खोकल्यातून रक्त पडलं का. आणि मग कुणाला तरी फोन करून म्हणाली, सीटी करूया, आत्ताच.

तिने मनातल्या मनात जे केलं त्याला वेल्स स्कोअर म्हणतात, कॅनडातल्या डॉक्टर वेल्स यांच्या नावाने. मी मास्तरीण असल्यामुळे मार्कांचं प्रकरण मला फार आवडलं. पायात गुठळीची चिन्हं असतील तर ३, दुसऱ्या कुठल्या आजारापेक्षा गुठळीचीच शक्यता जास्त वाटत असेल तर ३, नाडी शंभराच्या वर असेल तर दीड, ३ दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळलेला असेल किंवा ४ आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल तर दीड, आधी कधी गुठळी झाली असेल तर दीड, खोकल्यात रक्त १, कॅन्सर १. चारच्या वर गेलं की सरळ सीटी. आता यात नीट बघितलं तर लक्षात येतं की ‘दम लागतोय का’ हा प्रश्नच नाहीये! ‘छातीत दुखतंय का’ हा पण नाही. कारण ते असतं म्हणूनच तर माणूस आलेला असतो, आणि ते शंभर आजारांत असतं. मार्क मिळतात ते पायाला, नाडीला आणि मागच्या इतिहासाला. आणि हा इतिहास डॉक्टरला ईसीजीत दिसत नाही, तो आपणच सांगायचा असतो. माझे सहा मार्क झाले, उरलेल्या ३ बद्दल तिने काय धरलं ते मी विचारलं नाही.

हे सगळं पायाशी का येऊन थांबतं ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप समजतं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आपण चालतो तेव्हा ते आवळतात आणि आतल्या खोल शिरा पिळून रक्त वर जातं. पाय हलेनासा झाला की रक्त तिथे रेंगाळतं. रुडॉल्फ फिर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५० च्या दशकातच हे मांडून ठेवलंय आणि आजही तीच तीन कारणं शिकवतात, रक्त साचून राहणं, शिरेला आतून इजा होणं, आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ वाढणं. मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरमध्ये तिन्ही एकदम भेटतात. मग पोटरीत किंवा मांडीत तयार झालेली गुठळी, किंवा तिचा तुकडा, सुटतो, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला जातो आणि तिथून पुढे फुप्फुसाच्या धमनीत, जिथे फाटे बारीक बारीक होत जातात तिथे अडकतो. म्हणजे फुप्फुसाच्या त्या भागात हवा येतेय पण रक्तच येत नाहीये. म्हणूनच छाती ऐकायला स्वच्छ असते आणि माणूस मात्र धापा टाकतो.

आता लक्षणं. सगळ्यात जास्त आढळतं ते दम लागणं, आणि ते बहुतेकांना अचानक असतं, म्हणजे काल जिना चढत होतो आणि आज अर्ध्यात थांबावं लागलं, किंवा बसल्या जागीच. काहींना दिवसागणिक थोडं थोडं वाढत जातं आणि तेच फसवं, कारण वय, वजन, अशक्तपणा अशी कारणं लगेच सापडतात. दुखणं असेल तर माझ्यासारखं, श्वासाबरोबर खुपणारं. कारण छोटे तुकडे फुप्फुसाच्या कडेपर्यंत पोचतात, तिथल्या अस्तराला सूज येते आणि ते अस्तर श्वासागणिक ओढलं जातं. कधी कधी ती कळ खांद्यात पण जाणवते. मोठी गुठळी मधेच मुख्य धमनीत बसली तर उलट काहीच खुपत नाही, माणूस एकदम घामाघूम होतो, डोळ्यासमोर अंधारी येते आणि कोसळतो. अटॅकचं दुखणं साधारण छातीवर दगड ठेवल्यासारखं दाबणारं आणि गुठळीचं टोचणारं असं म्हणतात खरं, पण मोठ्या गुठळीत दाबल्यासारखंही होतं, त्यामुळे हा भेद घरी बसून करत बसण्यात काही अर्थ नाही, दोन्हीला हॉस्पिटलच लागतं. खोकला असू शकतो, कोरडा, किंवा त्यात रक्ताची रेघ, आणि रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला विचार टीबीचा येतो तो चूक नाही, पण ते अचानक आलंय की महिनाभराच्या तापानंतर आलंय हा फरक असतोच.

म्हाताऱ्या माणसांत नुसती चक्कर येऊन पडणं एवढंच असू शकतं. आणि एक गोष्ट तुमच्या पण नात्यात कुठेतरी घडलेली असणार, की अमक्यांचं ऑपरेशन छान झालं होतं, उद्या डिस्चार्ज मिळणार होता, बाथरूमला जाऊन आले आणि तिथेच गेले, अटॅक आला म्हणे. सगळे नसतील, पण अशांतल्या काहींना गुठळी असते, पोस्टमॉर्टेम कोण करतंय म्हणून ते कुणाला कळत नाही. गुडघे बदलायच्या ऑपरेशननंतर पोटात रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं देतात, पायाला फुगणारे पंप लावतात, दुसऱ्याच दिवशी धरून उभं करतात, ते याच्यासाठी असतं, डॉक्टरांचा छळवाद म्हणून नसतं. माझ्या मामींनी ते पंप ‘रात्रभर फुसफुस करतं मेलं’ म्हणून काढायला लावले होते, काही झालं नाही हे त्यांचं नशीब.

पायाबद्दल. एकच पाय सुजणं, पोटरीत गोळा आल्यासारखं दुखणं जे रात्रीच्या साध्या गोळ्यासारखं मिनिटभरात जात नाही, कातडी गरम आणि जरा लालसर किंवा काळपट. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर बहुतेक वेळा कारण वेगळं असतं, किडनी, हृदय, थायरॉइड, तेही दाखवायचंच असतं म्हणा. मोजायला शिवणकामाची टेप पुरते, गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करायची आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्यायचा, ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टर तो धरतात. पण पाय अगदी व्यवस्थित असूनही फुप्फुसात गुठळी निघालेली माणसं भरपूर आहेत, कारण सुटून गेली की मागे पाय रिकामा, किंवा ती पोटातल्या शिरेतली असते. त्यामुळे टेप नॉर्मल आली म्हणून खुश होऊ नका.

आणि मालिश. अहो, हे कळकळीने सांगतेय, पोटरी दुखतेय म्हणलं की आपल्याकडे पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. एक पाय अचानक सुजून दुखायला लागलाय आणि कारण माहीत नाही, तर तो चोळायचा नाही, चेपायचा नाही, लहान पोराला वर उभं करून तुडवायचा तर अजिबात नाही, आधी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी. चोळून गुठळी सुटू शकते.

हे मी बाळंतिणीच्या संदर्भात जास्तच जोरात बोलते आणि मग घरात वाद होतात. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या बाबतीत बाईच्या आयुष्यातले सगळ्यात धोक्याचे, सिझेरियन असेल तर अजून जास्त, आणि आपल्याकडे नेमका तोच सव्वा महिना तिला खाटेवरून उतरू द्यायचं नसतं, शेक-शेगडी, धुरी, आणि सकाळी मालिशवाली बाई. विश्रांती हवीच, कोण नाही म्हणतंय, पण विश्रांती म्हणजे पाय न हलवणं नाही. गरोदरपणात आणि नंतर गुठळी जास्त करून डाव्या पायात होते कारण तिकडची शीर वरच्या धमनीखाली दबली जाते आणि वर गर्भाशयाचा भार. तर डावा पाय जड वाटतोय, मांडीपर्यंत सूज आहे, किंवा बाळाला घेऊन दोन पावलं चालली की धाप, तर ‘ओली बाळंतीण आहे, होतं असं’ म्हणून सोडायचं नाही.

टेनिसवाली सेरेना विलियम्स आठवतेय का? तिला २०११ मध्येच एकदा फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या, त्याच्या आधी काचेवर पाय पडून पायाची ऑपरेशनं झाली होती आणि मग विमानप्रवास. पुढे १ सप्टेंबर २०१७ ला मुलगी झाली, सिझेरियन. ऑपरेशनमुळे रक्त पातळ करायचं औषध थांबवलेलं. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि तिने स्वतःच जाऊन नर्सला सांगितलं की मला सीटी स्कॅन आणि हेपरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) पाहिजे, लगेच. नर्सला वाटलं वेदनेच्या औषधाने ही बरळतेय. मग डॉक्टर आले, त्यांनी पायाची सोनोग्राफी सुरू केली, त्यात काही नाही. शेवटी सीटी झाला आणि फुप्फुसात बऱ्याच बारीक गुठळ्या सापडल्या. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध खेळाडूंपैकी एक, अमेरिकेतलं हॉस्पिटल, आजार आधी झालेला, औषधाचं नावसुद्धा तोंडपाठ, आणि तरी तिला दोनदा सांगावं लागलं. आपल्या तालुक्याच्या गावातल्या बाईने ‘मला जरा कसंतरी होतंय’ एवढंच सांगितलं तर काय होणार.

गोळ्यांचा विषय अजून अवघड कारण तो कुणी बोलतच नाही. गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण असला, लग्न असलं की पाळी पुढे ढकलायची गोळी, आणि ती मेडिकलवाल्याकडून मैत्रिणीच्या सांगण्यावरून. त्यातलं नॉरइथिस्टेरॉन शरीरात थोड्या प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि दिवसातून तीन वेळच्या डोसला रक्त गोठण्याचा धोका वाढतो. निरोगी मुलीला चार दिवस घेतल्याने बहुतेक वेळा काही होत नाही हेही खरंच, पण आधी गुठळी झालेली असेल, आई-बहिणीला झाली असेल, वजन खूप असेल, सिगरेट असेल, नुकतं ऑपरेशन किंवा प्लास्टर असेल, तर ती गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. गर्भनिरोधक गोळ्या ज्यात इस्ट्रोजेन असतं त्यांचंही तेच. आणि दम लागला म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर सासऱ्यांसमोर हे सांगायला संकोच वाटतो म्हणून बायका सांगत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना म्हणा दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय.

प्रवासाबद्दल लोक जरा जास्तच घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला तर धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, गाडी असो की बस, पण निरोगी माणसात दुप्पट होऊनसुद्धा तो सहा हजारांत एक असा काहीतरी असतो. तर मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांना विमानात बसूच नका असं सांगायची गरज नाही, मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्या, उठा, पाणी प्या, झोपेची गोळी घेऊन दहा तास पाय मुडपून झोपू नका. पण आईचा गुडघा दोन महिन्यांपूर्वी बदललाय तर आधी डॉक्टरला विचारायचं. अमेरिकेचा टीव्ही पत्रकार डेव्हिड ब्लूम एप्रिल २००३ मध्ये इराक युद्धाचं वार्तांकन करताना गेला, ३९ वर्षांचा होता, गोळी लागून नाही तर फुप्फुसातल्या गुठळीने. लष्करी गाडीत अवघडून बसणं, तिथेच झोपणं असं दिवसच्या दिवस चाललं होतं आणि पाय दुखत असल्याचं तो बोललाही होता.

डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजायची टेस्ट, हा शब्द कोविडने महाराष्ट्रातल्या घराघरात पोचवला, आणि आता लोक स्वतःच लॅबमध्ये जाऊन तो करून येतात आणि आकडा बघून रात्रभर जागतात. या टेस्टचा खरा उपयोग उलटा आहे. ज्याच्यात गुठळीची शक्यता मुळात कमी वाटते त्याचा डी-डायमर नॉर्मल आला तर गुठळी नाही असं डॉक्टर निश्चिंतपणे म्हणू शकतात. वाढलेला आला तर त्यावरून काहीच ठरत नाही, तो ताप-इन्फेक्शन, गरोदरपण, ऑपरेशन, फ्रॅक्चर, कॅन्सर, नुसतं वय, कशानेही वाढतो, आणि पन्नाशीनंतर तर कटऑफच वयाप्रमाणे वर सरकवतात, म्हणजे ५०० च्या ऐवजी सत्तरीच्या माणसाला ७००. माझा तिने केलाच नाही, म्हणाली हाड मोडलंय, वाढलेलाच येणार, वेळ कशाला घालवायचा. सीटीच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, बघतात कारण शिरेतून डाय सोडतात, आणि तो डाय सोडल्यावर घशापासून खालपर्यंत गरम लाट जाते आणि चादरीत लघवी झाली की काय असं वाटतं, होत नाही, टेक्निशियन आधीच सांगतो तरी दचकायला होतंच. दहा मिनिटांत संपतं. माझ्या उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूच्या फाट्यांत होत्या.

पुढचं फार लिहीत नाही. पोटात इंजेक्शनं, त्याचे निळे-जांभळे डाग, मग गोळ्या. ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत आणि नवीन होऊ देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर आपल्या गतीने करतं. विरघळवायचं जोरदार औषध वेगळं असतं, ते बीपी पडलेल्या, जीव धोक्यात असलेल्या पेशंटला देतात कारण त्यात रक्तस्राव व्हायची भीती मोठी. कमीत कमी तीन महिने गोळी असतेच, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायची नाही. मला रिव्हारोक्झाबॅन दिली, ती जेवणाबरोबर घ्यायची असते, उपाशीपोटी घेतली तर नीट लागू पडत नाही, तर माझे गुरुवारचे उपास बंद झाले. ज्यांना वॉरफरिन असते त्यांना आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) दोन ते तीनमध्ये ठेवायला सारखं रक्त तपासावं लागतं आणि मेथी-पालक एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात शून्य असं चालत नाही. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी सांगायचं.

तर अचानक दम लागला, श्वासाबरोबर खुपलं, किंवा कुणी चक्कर येऊन पडलं आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण, लांबचा प्रवास, अंथरुणाला खिळणं, हार्मोनच्या गोळ्या, कॅन्सरचे उपचार यातलं काहीही झालेलं आहे, तर १०८ ला फोन करताना आणि कॅज्युअल्टीत शिरताना पहिल्या वाक्यात तेच सांगा. ‘छातीत दुखतंय’ एवढंच नाही, ‘पाय प्लास्टरमध्ये आहे आणि कालपासून अचानक दम लागतोय’. आणि गुठळीची शक्यता आहे का असं सरळ विचारा, डॉक्टर रागावले तर रागावले. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, पेशंटला जिना चालत उतरवायचा नाही, खुर्चीत बसवून उतरवा.

मला अजून जिना चढताना थोडी धाप लागते. काहींना महिनोन्‌महिने लागत राहते, त्यातल्या थोड्या लोकांत जुनी गुठळी विरघळतच नाही, फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर वाढून बसतं, म्हणून तीन महिन्यांच्या उपचारानंतरही धाप कमी नसेल तर परत इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा असतो आणि लागलं तर पुढचा स्कॅन. माझा इको चांगला आला, उजव्या बाजूचं प्रेशर नॉर्मल आहे, बाकीचं वजनामुळे आणि व्यायाम नसल्यामुळे असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. गोळी आता थांबवायची की अजून चालू ठेवायची ते पुढच्या भेटीत ठरेल, प्लास्टरसारखं उघड कारण असेल तर बहुतेक वेळा थांबवतात.